वरच्या-खालच्यांची मेणबत्ती

मेणमावशीच्या हातांना कायम मेणाचा वास यायचा. मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, एकमेकांना शांतीचा हात देऊन झाला, की तिच्या शेजारचे लोक हळूच आपला तळवा नाकाशी न्यायचे. मीही नेलाय. तिला ते ठाऊक होतं. "हुंगा, हुंगा," म्हणायची, "फुकट आहे."

मी उतारावरच्या चर्चचा किल्लीवाला. दारं उघडायची, घंटा वाजवायची, फादरांचे झगे इस्त्री करून टांगायचे आणि भाविकांनी बाकांखाली कोंबलेले चॉकलेटचे कागद वेचायचे, ही माझी सेवा. या कामात एक कळतं. कोण कुठल्या बाकावर बसतं, कोण कुणाच्या शेजारी मरेपर्यंत बसणार नाही, हे फादरांच्या आधी मला ठाऊक असतं.

मेणमावशीचा जन्म उताराखालचा. तिथे कालव्याकाठी जुनं चर्च होतं आणि त्याला लागूनच तिच्या वडिलांची मेणखोली. दोन मुली, पाठीला पाठ लावून आलेल्या. थोरली पातेलं सांभाळायची, धाकटी वाती कापायची. थोरलीचा दरारा असा, की वात बोटभर वाकडी लागली तर मेणबत्ती परत पातेल्यात. "लोक देवापुढे लावतात ती. तुझा आळस लावायला नाही घेत," असं ती धाकटीला सुनवायची. तेव्हा थोरलीचं वय असेल बारा.

धाकटीला, म्हणजे आमच्या मेणमावशीला, दिलं उतारावरच्या वस्तीत, एका वायरमनला. लग्नात वडील जावयाला म्हणाले होते, "तुमची लाइट गेली की माझ्याच दुकानी यायचंय, विसरू नका." नवरा भला होता, पण लवकर गेला. मूलबाळ नाही. मग ती रोज सकाळी उतार उतरून मेणखोलीत जायची आणि संध्याकाळी गुडघे धरत वर यायची. थोरलीचा मुलगा तिच्याच मांडीवर वाढला. दोघी बहिणी दिवसभर भांडायच्या. मेण फार तापलं, साचा नीट पुसला नाही, चहात साखर कमी, कारण काहीही चालायचं. पण एकीनं दुसरीशिवाय घास खाल्लेला कुणी पाहिला नाही.

उताराखाली एक चर्च, वर एक, आणि दोघांत फादर एकच. खालच्या चर्चच्या छपराची मोठी तुळई तडकली, इंजिनियरनं मान हलवली आणि नाताळ संपताच बिशपांचा निर्णय आला. खालचं चर्च बंद. यापुढे सगळ्यांचा एकच धर्मग्राम, सगळ्यांनी वर यायचं. फादरांनी तो निर्णय वाचला तेव्हा खालचा प्लंबर, सहा फुटी गडी, सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. त्याच्या आईवडिलांचं लग्न, मुलांचे बाप्तिस्मे, सगळं त्या छपराखाली झालेलं.

आणि मग खालचे वर आले. डावीकडच्या बाकांवर खालचे, उजवीकडे वरचे, मधली वाट ओस. गाणारी मंडळं दोन. एकानं गीत सुरू केलं, की दुसरं मूग गिळून बसायचं. फुलदाण्यांवरून भांडण, पंख्याखालच्या जागेवरून भांडण. एकदा तर 'आमेन' कुणी लांबवायचं यावरून दोन शहाणी माणसं अंगणात एकमेकांच्या अंगावर धावून गेली. मधे मी पडलो. माझा शर्ट फाटला. आमेनचं काय झालं ते देव जाणे.

मेणमावशी कुठे बसणार? ती जन्मानं खालची, सासरानं वरची. डावीकडे बसली तर वरचे नाक मुरडत, उजवीकडे बसली तर खालचे. शेवटी ती मागे, बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी माझ्या स्टुलाशेजारी उभी राहायला लागली.

पास्काची मेणबत्ती म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. पुनरुत्थानाच्या सणाला चर्चमध्ये एक मोठी मेणबत्ती पेटवतात, पुरुषभर उंच, तिच्यावर क्रूस आणि धूपाचे पाच खडे. पुढचे पन्नास दिवस, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, पेंटेकॉस्टपर्यंत, ती प्रत्येक मिस्सेला वेदीपाशी तेवते. दरवर्षी नवी लागते, आणि दोन्ही चर्चच्या मेणबत्त्या त्याच मेणखोलीतून यायच्या. वडिलांची रीत अशी होती, की गेल्या वर्षीचा उरलेला खुंट वितळवायचा आणि नवीत ओतायचा. म्हणजे जुना उजेड वाया जात नाही.

त्या वर्षी फादरांनी दोन्ही चर्चचे खुंट मेणमावशीच्या हवाली केले आणि म्हणाले, "आता एकच करा." थोरली तेव्हा दम्यानं अंथरुणाला खिळलेली. मेणमावशीनं तिला विचारलं नाही. तिच्या मनात होतं की थोरलीला एकदम तयार मेणबत्तीच दाखवावी. खालचा खुंट अस्सल मधमाश्यांच्या मेणाचा, पिवळाजर्द. वरचा साध्या पांढऱ्या मेणाचा. तिनं दोन्ही एकाच पातेल्यात टाकले आणि नवी ओतली. दरवर्षी करतच होती. हात चालत गेला, डोकं मागे राहिलं.

सणाच्या तयारीला मेणबत्ती वर आली. सगळे जमले. प्लंबरनं विचारलं, "मावशी, झकास झालीय. पण आमची जुनी कुठे ठेवलीत?"

"ही काय! हिच्यातच आहे. तुमचीही आणि यांचीही. आता कुणी वेगळी करून दाखवा."

ती हसत होती. दुसरं कुणी हसलं नाही.

"चर्चमधून आम्हाला तेवढी एकच वस्तू आणायची होती," प्लंबर म्हणाला. "कोपऱ्यात ठेवली असती. आम्ही काही मागितलं नव्हतं. तुम्ही तीही वितळवली?"

मावशीचा चेहरा उतरला. पण खरा घाव खाली बसायचा होता. सणाच्या सकाळी ती थोरलीकडे गेली. परत आल्यावर तिनंच मला सगळं सांगितलं, कुंडाच्या कठड्याला धरून. थोरली उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "खालची ती मेणबत्ती मी ओतलेली शेवटची होती. आता मला पातेलं उचलवत नाही, हे तुला ठाऊक होतं. मला विचारायला काय झालं होतं?"

"ताई, मला वाटलं तुला आवडेल."

"मेणखोलीची किल्ली ठेव त्या खुंटीवर. आणि जा."

त्या दिवसापासून दोघींमधून विस्तव जाईना. जिनं आयुष्यभर बहिणीच्या हातचा चहा पिऊन कामाला सुरुवात केली, ती आता सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर येऊन बसायची आणि उताराकडे बघायची. "मावशी, चहा देऊ?" मी विचारायचो. "नको. साखर कमी घालता तुम्ही," म्हणायची आणि तोंड फिरवायची. मला तिची दया यायची आणि रागही यायचा. एवढा जीव टांगणीला लागलाय तर जा की खाली! पण तिला वाटायचं, ताईनं बोलावल्याशिवाय गेलं तर दार लावून घेईल.

त्यातून ती मेणबत्ती धूर सोडायची. पन्नास दिवस काळी रेघ छताकडे जात राहिली. वरचे म्हणाले, खालच्यांचं मेणच काळं. खालचे म्हणाले, वरच्यांची पापं जळताहेत. फादर धुरानं शिंकायचे. एवढ्या एका गोष्टीत मात्र दोन्ही बाजू एक होत्या, की चूक मेणमावशीची.

पेंटेकॉस्टचा रविवार आला. फादरांचा लाल झगा मी आदल्या दिवशीच इस्त्री केला होता. आमचे फादर तरुण, प्रवचन त्यांना जमत नाही. कागदावरून वाचतात आणि मधेच ओळ चुकतात. पण त्या दिवशी त्यांनी कागद घडी घालून खिशात टाकला.

"एक सांगतो," ते म्हणाले. "पवित्र आत्मा उतरला तेव्हा येशूचे शिष्य बसले होते त्या खोलीत एकच मोठी ज्वाळा पडली नाही. प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळी जीभभर ज्योत आली. बाहेर गर्दी होती, देशोदेशीची माणसं. त्यांची बोली पुसून सगळ्यांना एकच भाषा दिली, असंही झालं नाही. ज्याला त्याला आपापल्या बोलीत ऐकू आलं. मी तुम्हाला सांगितलं, एक व्हा, आणि मला वाटलं एक होणं म्हणजे वितळणं. मेणमावशींनी मी सांगितलं तेच केलं. चूक असेल तर ती आधी माझी आहे."

माझ्या शेजारी मेणमावशी पदरानं तोंड झाकून उभी होती.

पेंटेकॉस्टची शेवटची मिस्सा संपली, की पास्काची मेणबत्ती विझवून बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी नेऊन ठेवतात. मग वर्षभर ती दोनच प्रसंगी पेटते, कुणाचा बाप्तिस्मा असला तर, नाहीतर कुणाची शवपेटी आली तर. लोक पांगल्यावर मी ती विझवायला लांब दांडी घेऊन गेलो.

"थांबा," मेणमावशी म्हणाली. तिच्या पिशवीत काचेची बरणी होती आणि बरणीत बोटभर मेणबत्ती. त्याच घाण्यातलं उरलेलं मेण, तीच वात. तिनं ती मोठ्या ज्योतीवर पेटवली, बरणीत उभी केली आणि मला म्हणाली, "चला, मला उतार उतरवून द्या. वारा आहे, आणि गुडघा ऐकत नाही."

मी वाऱ्याच्या बाजूनं चाललो. ज्योत दोनदा झुकली, पण विझली नाही. थोरलीचं दार सुनेनं उघडलं. ओशाळून म्हणाली, "झोपल्यात त्या."

आतून खोकल्याचा आवाज आला. झोपलेलं माणूस तसं खोकत नाही, हे आम्हा तिघांनाही कळलं. मेणमावशी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि मोठ्यानं बोलली.

"ताई, चुकलं माझं. तुझं ते तुझं होतं. मी विचारायला हवं होतं. मला तुझ्याशिवाय करमत नाही गं. भांड माझ्याशी, पण बोल."

खोकला थांबला. आम्ही वाट पाहिली. आतून काही आलं नाही. तिनं बरणी खिडकीत ठेवली, सुनेच्या गालावरून हात फिरवला आणि वळली. चर्चच्या दाराशी फक्त म्हणाली, "ऐकलं तर तिनं. तेवढं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच थोरलीचा मुलगा मागच्या दारानं मयताची घंटा वाजवायला सांगायला आला. त्यानं नुसतं दोराकडे बोट केलं. मी दोर हातात घेतला. मेणमावशी नेहमीप्रमाणे पायऱ्यांवर बसलेली होती. पहिल्या टोल्याला तिनं माझ्याकडे पाहिलं, दुसऱ्या टोल्याला तिला कळलं. दोर हातात असल्यामुळे मला तिच्यापाशी जाताही येईना. असलं वाईट काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

शवपेटी आधी खालच्या बंद चर्चच्या दारापुढे थोडा वेळ टेकवली. हे प्लंबरनं मागितलं आणि फादर 'हो' म्हणाले. मग उतार. खालच्या चौघांनी पेटी उचलली, पण चढ फार, आणि ते काही तरणेताठे नव्हते. अर्ध्यावर त्यांचे पाय लटपटायला लागले. वर कठड्याशी उभे असलेले वरचे लोक उतरून आले आणि खांदे लावले. ज्यानं माझा शर्ट फाडला होता, तो प्लंबरच्या मागेच होता. आत आल्यावर ज्याला जिथे जागा मिळाली तिथे तो बसला. त्या दिवशी डावं-उजवं पाहायची कुणाला शुद्ध नव्हती.

आता मेणबत्ती. रीतीप्रमाणे ती पेटीच्या उशाशी लावायला हवी. मी ती कुंडापासून उचलून आणली आणि थबकलो. प्लंबर माझ्याकडे बघत होता. ज्या मेणबत्तीवरून त्या बाईनं सख्ख्या बहिणीशी अबोला धरला, तीच तिच्या डोक्याशी?

तेवढ्यात सून बाकावरून उठली आणि मागे उभ्या असलेल्या मेणमावशीपाशी गेली. शांततेत तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं.

"मावशी, तुम्ही गेल्यावर आईंनी ती बरणी आत आणायला लावली. उशाशी ठेवून बघत बसल्या. मग म्हणाल्या, 'धाकटीनं वात जाड घातलीय. दोन मेणं मिसळली की वात बारीक घ्यायची, कधी शिकणार ही? आणि कापलीही नाही. धूर सोडणारच.' मी म्हटलं, बोलावू का मावशींना? तर म्हणाल्या, 'आज दम लागलाय. उद्या बोलाव. म्हणावं, येताना कात्री घेऊन ये.'" सुनेनं मावशीचा हात धरला. "मी सकाळी तुमच्याकडेच निघाले होते, मावशी. चपला घातल्या होत्या."

मेणमावशी मधल्या वाटेनं पुढे आली आणि माझ्यापुढे हात केला. मी सॅक्रिस्टीत, झगे टांगतो त्या खोलीत, धावत जाऊन कात्री आणली. प्लंबर उठला, त्यानं त्या जड मेणबत्तीला खालून आधार देऊन ती तिच्या हाताला येईल एवढी कलती धरली. तिनं जळकी वात निम्मी कापली, जराही तिरकी नाही. मी काडी ओढली.

मेणबत्ती पेटली. ज्योत जरा थरथरली आणि सरळ झाली. धूर आला नाही.

मेणमावशीनं पेटीच्या फळीवर हात ठेवला, आणि शेजारच्या खोलीत कामात असलेल्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "आणली गं कात्री, ताई."