हापशात भरलेली ओटी

माझी थोरली लेक विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरून मेली, तेव्हा गावचा हापसा कित्येक महिने बंद होता. तेरावं झालं आणि धाकटी घागर घेऊन त्याच विहिरीवर गेली. दुसरं पाणी नव्हतं. मी रडले नाही. रडू येतच नव्हतं.

हे नव्वद सालानंतरचं. त्याच उन्हाळ्यात एक गुरुजी हापशाची दुरुस्ती शिकवायला आले. त्यांना शिकायला बायाच पाहिजे होत्या. आम्ही तिघी गेलो. लोहाराच्या सुनेला नट फिरवायचे पाने धरता येत होते. धनगराच्या म्हातारीचा जन्म मेंढ्यांमागं चपलांना तेल देण्यात गेलेला, हापशातलं चामड्याचं वायसर तेलात किती मुरवायचं ते तिला हातानं कळायचं. मी चौथी शिकलेले, पुस्तकात बघून कोणता भाग कशानंतर बसतो ते सांगायचे. एकीचं काम दुसरीला येईपर्यंत गुरुजींनी खरा हापसा उघडू दिला नाही.

मग उघडला. पाइप वर काढले, वायसर बदललं, पाइप परत सोडले. वरचं दांड्याचं डोकं बसवायचं राहिलं होतं, पाइपाचं तोंड उघडंच होतं, तेवढ्यात भाकरी खायला घरी गेलो. येऊन डोकं बसवलं. पाणी चढायचं आणि दांडा थांबला की खाली उतरायचं. पारावरच्या माणसांनी आम्हाला चुली दुरुस्त करायला सांगितलं. संध्याकाळी धाकटी विहिरीवरच गेली. मी दारात उभी राहून ती येईपर्यंत वाट बघितली.

दुसऱ्या दिवशी सगळं परत वर काढलं. खाली पाणी धरून ठेवणाऱ्या वाल्व्हच्या तोंडाशी फुगलेले तांदूळ आणि हळकुंडाचे तुकडे अडकले होते. लोहाराची सून हसायला लागली. माझी सासू तिथंच उभी होती.

"म्या टाकली ओटी," ती म्हणाली. "एक लेकरू नेलं पाण्यानं. दुसरं न्हाई न्यावं म्हनून."

लोहाराची सून हसायची थांबली.

"आत्याबाई, ओटी बाहेर भरा," मी म्हणाले. "आत टाकली तर धाकटी विहिरीवरच जाईल."

तिनं पुन्हा तांदूळ आणले आणि हापशाच्या ओट्यावर ठेवले. आम्ही वाल्व्ह साफ करून सगळं परत बसवलं. पाणी आलं, टिकलं. धाकटीनं घागर भरली. सगळे माझ्याकडे बघत होते. मला काही वाटलं नाही. मी पाने पुसले.

पुढं आम्ही कुरुंद्याकडच्या गावांचेही हापसे दुरुस्त केले. डोकं बसेपर्यंत तिघींपैकी एक जण पाइपापाशीच बसून भाकरी खायची.