म्हाळातलं राहिलेलं नाव

पार्सेच्या आमच्या घरी पितृपक्षातला म्हाळ आला की माझे वडील दोन दिवस आधीपासून गप्प होत. उपासाचा किंवा सोवळ्याचा त्यांना त्रास नव्हता. वयाची पंच्याऐंशी ओलांडली तरी बाबा पाटावर ताठ बसतात आणि भटजींनाच पाठ टेकायला लागते. त्रास एका नावाचा होता. बापाकडच्या तीन पिढ्यांची नावं ते घडाघडा सांगत, आणि आईकडच्या पिढ्या आल्या की त्यांचा आवाज खाली जाई. आईच्या वडिलांचं नाव? ठाऊक नाही. गोत्र? ठाऊक नाही. ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप गोत्र लावतात. नावाच्या जागी भटजी एक ठरलेला शब्द घालत आणि पुढे जात. बाबा ओंजळीतून पाणी सोडत, पण तेवढा वेळ कोणाकडे बघत नसत.

आजोबा तरुणपणी कोलारच्या सोन्याच्या खाणीवर कारकून म्हणून गेले होते आणि परत आले ते लग्न करूनच. 'तिकडचीच, पोरकी' एवढंच त्यांनी गावात सांगितलं. आजी गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची. आमच्याकडे घारे डोळे काही नवलाचे नाहीत, त्यामुळे डोळ्यांबद्दल कोणी विचारलं नाही. विचारलं ते माहेराबद्दल. चवथीला गावातल्या सुनांच्या माहेरून वजें यायचं, म्हणजे फळं, लाडू आणि करंज्यांसारख्या नेवऱ्यांनी भरलेल्या टोपल्या. सगळ्या वाड्याच्या डोळ्यांदेखत त्या घरात शिरायच्या. आजीला असं वजें कधीच आलं नाही. बाबा शाळेत जायला लागले तेव्हा पोरं ओरडायची, "तुझी आवस वाटेर गावली!" आई वाटेवर सापडली म्हणून चिडवायची. हे बाबांनी मला एकदाच सांगितलं, तेही हसत हसत. ते हसणं मला मुळीच आवडलं नव्हतं.

आजीनं वज्याची कसर स्वतःच्या हातानं भरून काढली. तिच्यासारख्या नेवऱ्या पार्सेत कोणी केल्या नाहीत. गोड तर करायचीच, पण एरवीच्या दिवशी बटाटा-कांद्याचं सारण भरूनही करायची, आणि त्या एवढ्या मोठ्या की एकीत पोट भरावं. कडेची मुरड जाड, बोटभर. तळायच्या आधी ती झाडूचा हीर घेऊन प्रत्येक नेवरीच्या कोपऱ्यात टोचून टोचून एक खूण काढायची. माझी खूण म्हणजे साप. माझ्या भावाची खूण म्हणजे तंबू. आजीची स्वतःची खूण म्हणजे उभी काठी आणि तिला दोन पोटं. ज्याची त्यानंच खायची, असा तिचा कायदा होता. अर्धी खाऊन ठेवली तर संध्याकाळी तीच पुढ्यात यायची. मी एकदा भावाचा तंबू पळवला तर तिनं मला पाठीत धपाटा घातला होता. आजी गेली आणि आईनं खुणा बंद केल्या. "खावपी तोंडां तींच, खुणो कित्याक?" असं म्हणाली. आम्हीही विसरलो.

मग अलीकडे माझ्या भाच्याच्या, म्हणजे भावाच्या मुलाच्या, डोक्यात पोर्तुगालचा पासपोर्ट शिरला. इथल्या अर्ध्या पोरांच्या डोक्यात तो असतोच. त्यासाठी आजोबा किंवा वडील पोर्तुगीज काळात जन्मल्याचा कागद लागतो, म्हणून त्यानं बाबांच्या जन्मनोंदीचा पूर्ण उतारा काढून आणला. घरात इतकी वर्षं होता तो चार ओळींचा दाखला. हा उतारा दोन पानांचा होता, जुन्या वळणदार पोर्तुगीज अक्षरातला. बाबा मराठी शाळेत शिकलेले, आम्ही तर त्याहून अडाणी. धारगळला एक निवृत्त कारकून असे कागद वाचून देतात. मी नोकरीतून सुटलेली, मुळगावच्या घरी नवऱ्याला चहा देण्यापलीकडे काम नाही, म्हणून भाच्यासोबत गेले.

त्या गृहस्थांनी मुलाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव वाचलं. आईच्या नावापुढे तिचं लग्नाआधीचं नाव होतं. त्याखाली मुलाच्या आईचे आईबाप लिहिले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आजीची आई कोलारची, तिचं नुसतं पहिलं नाव. बाप खाणीवरचा मुकादम, राहणारा कॉर्नवॉलचा.

"हें खंय आयलें?" भाच्यानं विचारलं.

"इंग्लंडाच्या एकदम शेवटाक," ते म्हणाले. "थंय सगळे खाणीवयले लोक."

भाचा आनंदानं उडाला. त्याला वाटलं, आता थेट इंग्लंडचाच पासपोर्ट मिळणार. मला मात्र आजोबांचा राग आला. एवढ्या गावापासून, स्वतःच्या मुलापासून जे लपवलं ते या माणसानं सरकारी पुस्तकात जसंच्या तसं सांगून टाकलं होतं. पार्सेत हे अक्षर कोणाला वाचता येत नाही याची त्यांना खात्री असणार. घरी परत येईपर्यंत राग उतरला. खोटं लिहून घ्यायला त्यांना कोण अडवणार होतं? कुठेतरी एका जागी तरी आपल्या बायकोचा बाप खरा असावा, असं त्यांना वाटलं असेल.

भावाला सांगितलं तर तो पांढराफटक पडला. म्हाळ आठवड्यावर आला होता. "बाबांक सांगू नको," तो म्हणाला. "ह्या वयात तेंका झेपाचां नाय. भटजी काय म्हणतले? गाव काय म्हणतलो?"

आणि मी ऐकलं. एरवी त्याचं एक वाक्य न ऐकणारी मी, त्या वेळी निमूट ऐकलं. म्हाळाच्या दिवशी मी स्वयंपाकघरात वडे तळत होते. बाहेर बाबांचा आवाज नेहमीच्या जागी नेहमीसारखा खाली गेला, आणि तो कागद माझ्या पर्समध्ये होता. दहा पावलांवर. आयुष्यात ज्या गोष्टींची मला लाज वाटते त्यांत ही सर्वांत वर आहे.

त्याच थंडीत बाबांना न्यूमोनिया झाला. म्हापशाच्या हॉस्पिटलात ते बारा दिवस होते आणि मी बाराही दिवस मनातल्या मनात एकच हिशोब करत होते, की हे असेच गेले तर ते नाव माझ्या पर्समध्ये राहील. ते बरे होऊन घरी आले. तरी मला तोंड उघडेना. नुसतं नाव घेऊन त्यांच्यापुढे काय जायचं? तो माणूस कोण, कसला, त्यानं आजीला आपली मानली की वाऱ्यावर सोडली? बाबांनी पहिलं तेच विचारलं असतं.

म्हणून मी कॉर्नवॉलमधल्या, घराण्यांचा इतिहास शोधणाऱ्या एका मंडळाला इंग्रजीत पत्र लिहिलं. नातीनं कॉम्प्युटरवरून पाठवलं. उत्तर आलं ते माझ्याच वयाच्या एका बाईचं. ती हे काम हौसेनं करते. महिन्याभरात तिनं गाव शोधलं, घर शोधलं. त्या मुकादमाचा बाप कथलाच्या खाणीत, भाऊ कथलाच्या खाणीत. तिकडच्या खाणी बसल्या तसे लोक जगभर पांगले, हा कोलारला आला आणि तिथेच वारला. त्यांच्या चर्चच्या आवारात आईबापांच्या दगडावर त्याचंही नाव कोरलंय, 'कोलार इथे निधन'. बायकोचं नाव नाही, मुलीचं नाही. तिनं दगडाचा फोटो पाठवला होता. मी तो मोठा करून करून बघितला. दगडावर शेवाळ होतं, आमच्याकडच्या कुंपणाच्या चिऱ्यांवर असतं तसंच.

आमच्या मुळगावच्या घराबाहेर खाणीचा रस्ता आहे. ट्रक धावायचे तेव्हा पापड वाळत घालायची सोय नव्हती, सगळ्यांवर लाल धूळ. नवऱ्याची नोकरी खाणीच्या ऑफिसात. जन्मभर मी त्या धुळीला शिव्या घातल्या, आणि माझा पणजोबाच खाणीवरचा निघाला. नवरा म्हणाला, "म्हणून तू अशी भांडकुदळ. रक्तातच सुरुंग." मी त्याला त्या दिवशी चहा दिला नाही.

मग सहज म्हणून मी त्या बाईला विचारलं की तिकडचे खाणवाले जेवायचे काय. त्यांच्या घरी दुसरं काही शोधण्यासारखं उरलंच नव्हतं. तिनं उत्साहानं दोन पानं लिहिली. बायका मैद्याची मोठी पारी लाटून आत मटण, बटाटा, कांदा भरत, दुमडून कडेला जाड मुरड घालत आणि भाजत. पुरुष ती खाणीत नेत. अर्धी खाऊन ठेवली तर कोणाची कुठली ते कळावं म्हणून प्रत्येकीच्या कोपऱ्यात खाणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर असे. घरातल्या पोरांच्याही वेगळ्या करत, ज्याच्या त्याच्या अक्षराच्या.

मी उठले. कागदावर साप काढला, तंबू काढला. ती माझ्या आणि भावाच्या नावांची पहिली अक्षरं होती, इंग्रजीतली, एस आणि ए. अंगठा उठवणाऱ्या माझ्या आजीला अक्षरं येत होती! मग तिची दोन पोटांची काठी काढली, ती बी. सासरच्या नावाशी ती जुळेना. पर्समधून उतारा काढला. लग्नाआधीच्या नावाशी जुळली. मी स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसले आणि मोठ्यानं रडले. नवरा धावत आला, त्याला वाटलं पडले.

चवथीला मी पार्सेला गेले ती टोपली घेऊन. बटाट्याच्या नेवऱ्या, कोपऱ्यात खुणा. बाबा बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीत, बसले होते. त्यांनी एक उचलली, दुसरी उचलली आणि दोन पोटांची काठी हाताला आली तसे थांबले.

"ही आवशीची," ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. कागद, खाण, दगड, अक्षर. गोरा, परधर्माचा, लग्न झालं होतं की नाही कोणाला ठाऊक, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तिका ही खूण कोणी शिकयली?"

"बापसानंच शिकवली असणार, बाबा. दुसरं कोण?"

"म्हंजे तेच्या नेवरीवांगडा तिचीय एक होती," ते म्हणाले. माझ्या बापाला मी रडताना दुसऱ्यांदा पाहिलं. पहिल्यांदा माझी आई गेली तेव्हा.

जरा सावरल्यावर म्हणाले, "गेल्या म्हाळाक तुका ठावक होतां?"

"होय."

"आनी गप रवलंस?"

मी मान खाली घातली. त्या दिवशी ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. मी परत निघाले तेव्हाही नाही. ते योग्यच होतं.

बाबांनी ते नाव म्हाळात घ्यायचं ठरवलं, तर भावानं शेवटपर्यंत अडवून पाहिलं. भटजी ऐकतील, गावभर होईल, चार लोक हसतील. बाबांनी एकदाच सांगितलं, "गाव इतकी वर्सां बोल्लो. आता माका बोलांदी."

म्हाळाला पंधरा-वीस दिवस होते. बाबा सकाळी बाल्कांवात बसून ते नाव घोटत. कवळी मधेच दगा द्यायची, जीभ अडायची. भाचा मोबाइलवर उच्चार ऐकवायचा आणि ते शाळेतल्या पोरासारखे त्याच्यामागे म्हणायचे. एकदा पदेर सायकलचा भोंगा वाजवत पाव घेऊन आला, तर त्याला थांबवून त्यालाही म्हणून दाखवलं. पदेरानं "बरें, बरें" म्हटलं आणि दोन उंडे जास्त दिले. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते बाबांचं आहे, त्यांनी मिळवलेलं.

म्हाळाच्या दिवशी मी वडे तळायला माझ्या सुनेला बसवलं आणि दारात येऊन उभी राहिले. भटजी तरुण आहेत, जुन्या भटजींचे नातू. बापाकडच्या पिढ्या झाल्या. आईकडच्या आल्या तसं त्यांनी सवयीनं तो ठरलेला शब्द उच्चारायला सुरुवात केली.

"थांब," बाबा म्हणाले. "नाव आसा."

भटजींनी वर पाहिलं. बाबांनी नाव सांगितलं, स्पष्ट, आडनावासकट. भाऊ जमिनीकडे बघत होता. भटजी म्हणाले, "गोत्र काश्यपच धरूया. नाव परत सांगा, माझ्याकडून चुकेल." चुकलंच. बाबांनी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि बरोबर आल्यावरच ओंजळ पुढे केली.

पाणी सुटलं. एकदा, दोनदा, तीनदा. या वेळी बाबा समोर बघत होते. भटजी पुढच्या नावाकडे वळले, तर बाबांची ओंजळ तिथेच. त्यांनी पुन्हा पाणी घ्यायला हात पुढे केला.

"तीन झाली, आजोबा," भटजी हळूच म्हणाले.

"ती माजी," बाबा म्हणाले. "ही तेच्या चेडवाची."

भटजींनी त्यांच्या ओंजळीत त्या लेकीच्या वाट्याचं पाणी घातलं.