ताईचा सेट
त्याला सगळे 'सेट' म्हणूनच हाक मारत. आईबापांनी ठेवलेलं नाव दवाखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. माणूस कवळ्या बनवायचा. दातांच्या दवाखान्यामागे एक चिंचोळी खोली, खिडकीशी टेबल, आणि तोंडात दिवसभर एकच शब्द. प्लास्टर घट्ट झालं की सेट झालं. मेणात एकेक दात रोवायचा, ते सेटिंग. वरचे-खालचे मिळून झाला सेट. घरी टीव्हीचा सेट बिघडला की दुरुस्तीवाल्याशी याची सेटिंग असायचीच. लेकीला नोकरी लागली, ती सेट झाली, आणि त्या आनंदात बायको केस सेट करून आली. कुणी विचारलं, काय म्हणताय, की उत्तर ठरलेलं, "सगळं सेट." बायको म्हणायची, "एवढ्या एका शब्दावर यांचा संसार झाला, बाकीची भाषा कोरी करकरीत पडून आहे." खोटं नव्हतं ते.

त्या खोलीत माणूस कधी यायचा नाही, नुसते जबडे यायचे. पलीकडे डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचं माप घेत, त्याचा प्लास्टरचा साचा होऊन याच्या टेबलावर येई. तोंड कुणाचं, ते हसतं कसं, याच्याशी याला देणंघेणं नाही. आखीव कमान, सरळ ओळ, पुढचे दोन दात जरासे मोठे. वकील असो की भाजीवाली, सगळ्यांना सारखेच देखणे. यात वाईट काही नाही हो. धंद्याची रीतच ती, आणि लोक खूश होऊन घरी जात.

मग ताईचे दात गेले.

ताई म्हणजे याची थोरली बहीण. आई वारली तेव्हा हा एवढासा. ताईनेच याला न्हाऊमाखू घातलं, घास आपल्या दातांनी बारीक करून याच्या तोंडात भरवला. त्या दातांचं ऋण याच्यावर होतं, आणि ते फेडायची अशी आयती संधी कुणाला मिळते? यानं जीव ओतला. रंग पारखून घेतला, चार वेळा घासला, पाच वेळा चकाकवला. जन्मात असा सेट केला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तो ताईच्या तोंडात बसवला तेव्हा पट्ठ्याची छाती फुगली होती.

ताईला घेऊन तो तिच्या घरी गेला. भावोजी खिडकीशी खुर्चीत बसले होते. त्यांची स्मरणशक्ती कधीपासून दगा देत होती. शेजारी आला तर त्याला भाऊ समजत, चहा पिऊन झाला की चहा मागत. पण ताई समोर येऊन हसली की त्यांचा चेहरा उजळायचा. साऱ्या जगात तेवढं एक माणूस त्यांना धड ओळखू येत होतं. दात नव्हते तेवढे दिवस ताईनं तोंडावरचा पदर काढला नव्हता. ताई हसली. भावोजी अदबीने उठून उभे राहिले.

"बसा बाई," ते म्हणाले. "आमची ही जरा बाहेर गेलीय. येईलच इतक्यात."

पहिल्या दिवशी ताईनं हसण्यावारी नेलं. पण रोज तेच होऊ लागलं. परक्या बाईच्या हातचा घास ते घेईनात, तिला शर्टाची बटणं लावू देईनात. दिवस कलला की बायकोला शोधायला चपला घालून दाराशी. एकदा तर चौकापर्यंत गेले, दूधवाल्याने हाताला धरून आणले. ताईनं दाराला आतून कुलूप घातलं. कवळी काढून पाहिली, तर बसक्या तोंडाकडे बघून भावोजी तिलाच विचारू लागले, "आई, ही कुठे गेली गं?"

यानं फोन केला, "काय ताई, सगळं सेट ना?"

ताई म्हणाली, "दात छान झालेत रे. माझे नाहीत, एवढंच."

फोन ठेवून तो टेबलाशी बसला. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, इथे दात आल्यावर नवराच गेला होता. आणि बोल कुणाला लावायचा? आपलेच दात, आपलेच ओठ. ताईचा वरचा एक दात शेजारच्यावर पाय टाकून बसलेला असायचा. ती हसली की आधी तो दिसायचा, मग ताई. लहानपणी तिच्या मांडीवरून हा तोच बघत आलेला. आणि सेट करताना गाढवाला त्याची आठवणही झाली नाही. हात सवयीने सरळ ओळ लावत गेले.

तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. म्हणाला, "सेट पुन्हा करायचा. एक दात वाकडा हवाय."

"लोक माझ्याकडे वाकडे सरळ करायला येतात," बाई म्हणाल्या. पण भावोजींचं ऐकून त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "ताईंना खुर्चीत बसवा. या खेपेला चेहरा बघून तुम्हीच लावा. मी माप देणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा तो पेशंटच्या खुर्चीशेजारी उभा राहिला. मेणातले दात ताईच्या तोंडात, ताईच्या हातात आरसा.

"असा?"

"अजून थोडा पुढे."

तो बाहेर काढायचा, गरम सुरीने मेण मऊ करायचा, दात केसभर वळवायचा, परत बसवायचा. ताई ओठ हलवून बघायची, जीभ फिरवायची.

"आता?"

"आता फारच शहाणा दिसतोय. जरा आगाऊ होता तो."

कितीदा केलं देव जाणे. शेवटी एकदा ताईनं आरशात पाहिलं आणि त्या दातावरून हलकेच बोट फिरवलं. तिचे डोळे भरून आले. यानं मान वळवली, कारण याचीही तीच गत झाली होती.

नवी कवळी तयार झाली त्या दिवशी दोघं जिना चढत होते. ताई मध्येच कठड्याला धरून थांबली.

"आणि नाही ओळखलं तर रे?"

'सगळं सेट होईल' हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"नाही ओळखलं, तर मी रोज येऊन तुझ्याजवळ बसेन."

सोबतीला बसलेल्या शेजाऱ्यानं कुलूप काढलं, तर भावोजी दाराशीच होते, पायात चपला. ताई त्यांच्यासमोर उभी राहिली. हसायचं सुचेना तिला, नुसती बघत राहिली. तेही बघत राहिले. मग तिला कसंबसं हसू आलं. भावोजींनी तोंड जवळ आणून निरखलं, आणि एक चप्पल काढली, मग दुसरी काढली.

"होतीस कुठे इतका वेळ?" ते कुरकुरले. "आणि एवढी गावभर फिरून आलीस, तो दात तेवढा सरळ करून घ्यायचा होतास की."

"राहूनच गेलं बघा," ताई म्हणाली.