गोदाक्का डावीकडे का बघते

"आजी, शेळी परत डावीकडे बघतेय!" मिहीर मॉनिटरमागून ओरडला. "कॅमेऱ्यात बघू द्या ना तिला."

शेळी म्हणजे माझा उजवा हात. हातमोज्यासारखी पंज्यावर चढवायची कापडी बाहुली. अंगठा खालचा जबडा, चार बोटं वरचा. नाव गोदाक्का. नाशिकमधल्या एका छोट्या स्टुडिओत आम्ही मुलांसाठी बाहुल्यांचा कार्यक्रम शूट करतो आणि मुलं तो जेवताना मोबाइलवर बघतात. मिहीर आमचा डायरेक्टर. वयाने माझ्या नातवाएवढा, आवाजाने माझ्या सासऱ्यांएवढा.

बाहुलीवाले आम्ही दोघंच, मी आणि सुधाकरराव. गोदाक्का, मावशी आणि हवालदार माझ्याकडे. उजव्या हातावर शेळी, डाव्यावर मावशी. हवालदार येणार असला की मावशी "चहा ठेवते" म्हणून आत जाते, कारण तिसरा हात देवाने दिलेला नाही. तिचा चहा आजवर कुणी प्यायलेला नाही.

सुधाकररावांकडे मात्र एकच पात्र, बंडू. तो हीरो. त्याचे हातही हलतात, त्यामुळे सुधाकररावांचे दोन्ही हात त्याच्यावरच खर्च होतात. बंडूचा मामा ओझरला विमानाच्या कारखान्यात, म्हणून बंडूही द्राक्षांच्या क्रेटची विमानं बांधतो. शेळी ती खाते.

"गोदाक्का, पंख कुठे गेला?" बंडू विचारतो.

शेळी चावत राहते. त्याच्याकडे बघते. परत चावते. मग म्हणते, "कडू होता."

बस. यावर मुलं लोळतात.

ही शेळी पहिल्यांदा हातात आली तेव्हा मी रडले होते, हे आता सांगायला हरकत नाही. मला राजकन्या हवी होती. तरुणपणी मी म्हणजे फार मोठी कलावंत! बाहुलीवाल्याने कट्ट्याखाली लपायचं असतं, पण मी अंबाड्यात गजरा माळून येई आणि बाहुलीबरोबर हळूच अंबाडाही वर काढी. पुढच्या रांगेला कळायला नको का, कला कुणाची आहे ते! एका प्रयोगात राजकन्येऐवजी माझ्या अंबाड्यालाच टाळी पडली. तो आठवडाभर मी जमिनीवर नव्हते.

तर झालं असं, की शेळी भलतीच लाडकी झाली. खाली कॉमेंट्स येत, 'शेळी अजून दाखवा', 'फक्त शेळी पाहिजे'. मिहीरने मीटिंग घेतली.

"आजी, गोदाक्काचा स्क्रीन टाइम वाढवायचा. पूर्ण एपिसोड तिचाच. बंडूला थोडा ब्रेक."

"ब्रेक म्हणजे किती?" मी विचारलं.

"बघू. चाललं तर कायमचाच."

बंडूला सुधाकरराव घरच्या उशीच्या अभ्र्यात ठेवतात. त्यांनी त्याला अभ्र्यात घातलं आणि म्हणाले, "चला, दुपारची झोप तरी मिळेल."

वहिनी गेल्यापासून नाशिकरोडच्या त्या फ्लॅटमधून हा माणूस बाहेर पडतो तो शूटिंगपुरता. एरवी टीव्ही आणि बाल्कनी. बंडूचा ब्रेक म्हणजे कुणाचा ब्रेक, हे मला लगेच कळलं. पण मिहीरला हिशेब दिसत होता आणि खरं सांगायचं तर माझ्यातली गजरेवाली जरा सुखावलीही होती. पूर्ण एपिसोड!

शूटिंग सुरू झालं. शेळीला लांबलचक वाक्यं होती, रस्ता कसा ओलांडावा वगैरे. मी पाठ करून गेले होते. पण प्रत्येक वाक्य संपलं की माझं मनगट आपोआप डावीकडे वळे. तिथे बंडू उभा असतो ना! शेळीने बोलायचं आणि त्याचं तोंड बघायचं, ही हाताची सवय. आता तिथे नुसती हवा.

"कट! आजी, समोर."

"अरे, मी समोरच धरते. तीच वळते."

"ती म्हणजे तुम्हीच ना?"

"ते तिला सांग."

शेवटी मिहीरने मनगटावर घट्ट क्रेप बँडेज बांधलं. शेळी सरळ बघायला लागली, पण काही केल्या जिवंत दिसेना. दुकानातल्या शोकेसमधल्या खेळण्यासारखी दिसत होती. तो टेक त्यालाच आवडला नाही. नाइलाजाने आधीचेच टेक जोडले.

एपिसोड टाकण्याआधी मिहीर तो एका शाळेत दुसरीच्या वर्गाला दाखवतो. पोरं कुठे हसतात, कुठे पेन्सिल कुरतडतात, ते बघायचं. त्या दिवशी सुधाकररावही आले. "सहज," म्हणाले. मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले.

एकही पोर हसलं नाही. पण पेन्सिलीही कुणी कुरतडल्या नाहीत. वर्ग इतका गप्प, की बाई दोनदा डोकावून गेल्या. एपिसोड संपल्यावर दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली.

"सर, तिचा बंडू हरवलाय का?"

"का गं?" मिहीर म्हणाला.

"ती सारखी त्याला शोधतेय."

मागून एक पोरगा ओरडला, "तिने विमानाबरोबर त्यालाच खाल्लं असेल!" तेव्हा कुठे वर्ग हसला. बंडू स्क्रीनवर नव्हता, तरी हशा त्याच्याच नावावर गेला.

मिहीरने लॅपटॉप मिटला. बाहेर आल्यावर गाडीची किल्ली उगाच फिरवत राहिला. मग म्हणाला, "काका, सोमवारी शूट ठेवू?"

"बघतो," सुधाकरराव म्हणाले. "माझी दुपारची झोप मोडते."

पिशवीतून अभ्र्याचं टोक बाहेर आलं होतं. ते मी येतानाच पाहिलं होतं.

सोमवारी बंडूने नवं विमान बांधलं. गोदाक्काने शेपटीपासून सुरुवात केली. आता मिहीर बंडू बोलत असताना कॅमेरा शेळीवर ठेवतो. तिचा स्क्रीन टाइम वाढला, वाक्यं मात्र तेवढीच राहिली. शेळीला मी मुद्दाम डावीकडे वळवत होते का, असं तो अजून विचारतो. मी मनगट पुढे करते, म्हणते, "हिला विचार."

या धंद्यात येऊ पाहणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच. लाडक्या शेळीला जगवायचं असेल, तर तिला बघायला कुणीतरी शेजारी ठेवा. आणि अंबाडा खाली.