गाडीबाहेरच्या चपला

पिंपळगावच्या द्राक्ष व्यापाऱ्याने वापरून काढलेली लांबलचक मर्सिडीज उत्तम पगारेने घेतली आणि नाशकातल्या त्यांच्या कॉलनीत त्याचा रुबाबच वाढला. कोणी गाडीत बसायला आलं, की तो आधी त्याच्या पायांकडे बघायचा. आतल्या गालिच्याला माती लागलेली त्याला खपत नसे.

मे महिन्यात आई चांगुणाबाईंना घेऊन तो चांदवडला भाचीच्या लग्नाला गेला. मांडवासमोर गाडी थांबली, तशी पाहुण्यांनी गर्दी केली. चांगुणाबाई तापलेल्या डांबरावर अनवाणीच उतरल्या.

"माय, चपला कुठंयत तुझ्या?"

"नाशकातच हायेत. गाडीत बसताना बाहेर काढल्या ना. तुला माती चालत नाय."

पाहुणे गाडीवरून हात फिरवत होते. उत्तमला आईच्या पायांकडे बघवेना.