सुलूवहिनींनी घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या परळच्या चाळीत सुलूवहिनी सुकट भाजायला घेण्याआधी गॅलरीत येऊन ओरडायच्या, "सुकट भाजतंय, खिडक्यो लावा!" मसाला कुटायचा असो की गाद्या झटकायच्या, शेजाऱ्यांना सांगितल्याशिवाय त्यांचा हात चालत नसे. अशा बाईने सरकारी परवानगीशिवाय बांधकाम केलं, हे नवख्या माणसाला पटायचं नाही.

कारण होत्या त्यांच्या सासूबाई, आये. पडल्या, कंबरेचं हाड मोडलं आणि गॅलरीच्या टोकाच्या सामायिक संडासापर्यंत जाणं संपलं. खोलीतच पडद्याआड भांडं ठेवावं लागे. त्या लाजेपायी आयेंनी पाणी पिणंच सोडलं. वहिनींनी परवानगीसाठी पुष्कळ खेटे घातले, पण चाळ पुनर्विकासात अडकलेली. कुणी हो म्हणेना. मग त्यांनी मागच्या भिंतीला लोखंडी अँगल ठोकून, गल्लीवर पत्र्याचा छोटा संडास काढायचं ठरवलं.

आधी मात्र नारळ आणला, सगळा मजला गोळा केला आणि सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालणारं गाऱ्हाणं स्वतःच घातलं. आमच्याकडे बायका सहसा घालत नाहीत.

"बा देवा म्हाराजा, आये आसा तवसर ह्यो आडोसो उभो रवांदे. तिच्यामागून मी माझ्या हातान जागा मोकळी करतलंय!"

"व्हय म्हाराजा!" गॅलरी दणाणली.

खालच्या मजल्यावरचे जाधवकाका बौद्ध. देवाच्या भानगडीत न पडणारे. पण सावली त्यांच्याच खिडकीवर पडणार होती, म्हणून वहिनींनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. ते म्हणाले, "मी काही व्हय म्हाराजा म्हणणार नाही, सुलभा. पण माझी हरकत नाही. म्हातारीची अब्रू मोठी. पेपर मी बाहेर बसून वाचेन."

पुढे महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या एका साहेबांच्या नजरेला ते पत्रे पडलेच. दारात येऊन त्यांनी विचारलं, "परवानगी कुठाय?"

वहिनींनी जमलेल्या शेजाऱ्यांकडे हात केला. "ही काय, उभी आसत."

साहेब चिडून आत गेले आणि पत्र्याचं दार ढकलू लागले. आतून आयेंचा आवाज आला, "कोण ता? वायच थांब. मी आत आसंय!"

किती दिवसांनी आयेंनी स्वतःच्या हाताने कडी लावली होती! साहेब कानकोंडे होऊन मागे सरले. पुन्हा येतो म्हणाले, पण आले नाहीत.

काही वर्षांनी आये गेल्या. तोवर वहिनींचे स्वतःचे गुडघे कामातून गेले होते. तो संडास आता त्यांना लाभेल, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. तेरावं झालं आणि सकाळी मागून ठोकाठोक ऐकू आली. धावत जाऊन पाहतो, तर वहिनी पदर खोचून पत्रे उचकटत होत्या.

"अहो वहिनी, राहू द्या ना! कोण विचारायला येतंय आता?"

जाधवकाकाही धापा टाकत जिना चढून आले. "सुलभा, मला सवय झालीय सावलीची. तुझे गुडघे बघ जरा."

"काका, साऱ्यांच्या समोर बोललंय मी. आये ऐकत होती."

त्या पुढे ठोकत राहिल्या. इतकं मोठं माणूस इतकी वर्षं भिंतीपलीकडे राहत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाधवकाकांच्या खिडकीत ऊन होतं. वर गॅलरीत, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात बादली घेऊन वहिनी टोकापर्यंत आल्या आणि संडासाच्या रांगेकडे बघून म्हणाल्या, "शेवटचो कोण आसा? मी त्याच्या मागे हां."