फ्लेक्सवरची भिक्खुणी

आमच्या बोरगावच्या गल्लीतल्या विहारावर दर आषाढ पौर्णिमेला नवा फ्लेक्स लागतो. वर्षावास सुरू होतो, तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं, आणि वाचन करणाऱ्या बायकांचे फोटो फ्लेक्सवर येतात. कोणाचा फोटो वर नि कोणाचा खाली यावरून महिला मंडळात दरवर्षी कुरबुर होते, ते सोडा. त्या वर्षी मंडळाच्या सचिव ताईंनी फ्लेक्सवाल्याला सांगितलं, "भाऊ, एका कोपऱ्यात एखादी भिक्खुणी टाका. शोभा येते." त्यानं कॉम्प्युटरवर शोधलं, जो पहिला छान फोटो दिसला तो उचलला आणि टाकला. तो कोपरा आमच्या खिडकीच्या बरोबर समोर आला.

फोटोतली बाई चाळिशीच्या आसपासची होती. चेहरा चिनी वळणाचा, अंगावर राखाडी वस्त्र, डोकं तुळतुळीत. ती हसत नव्हती, पण आता हसेल असं वाटायचं. डोक्यावर केस नसताना माणूस इतका देखणा दिसू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

ते तेव्हा मला नको तितकं महत्त्वाचं वाटलं, कारण माझ्या आईचे केस नुकतेच गेले होते. आईचं छातीचं ऑपरेशन सावंगीच्या दवाखान्यात झालं होतं आणि पुढे सहा किमो सांगितले होते. घरात आम्ही दोघीच. पहिला डोस झाला, काही नाही. दुसऱ्याच्या आधी उशीवर केस दिसायला लागले आणि त्यानंतर आठ दिवसांत डोकं रिकामं. आईचे केस म्हणजे काय सांगू! गुडघ्याला लागायचे. लग्नाच्या पोरींच्या वेण्या घालायला अख्खी गल्ली तिच्याकडे यायची, आणि वेणी घालता घालता ती स्वतःचा शेपटा मुद्दाम पुढे टाकायची. आता ती भर उकाड्यात डोक्याला टॉवेल गुंडाळून आतल्या खोलीत बसू लागली. विहारात जाणं बंद, दारात जाणं बंद. तिसऱ्या डोसची तारीख आली तर सरळ म्हणाली, "मी नाई जात."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? मले मरू दे, पन माणसासारखं मरू दे."

डॉक्टरांनी बजावलं होतं की डोस मधेच सोडले तर ऑपरेशन केल्याचा उपयोग नाही. मी समजावलं, ओरडले, रडलेसुद्धा. आई भिंतीकडे तोंड करून पडली. चार दिवस मी अशी चिडलेली होते की ऑफिसात कोणी चहा विचारला तरी अंगावर जायची.

आणि मग फ्लेक्स लागला. सकाळी मी चहा घेऊन गेले तर आई खिडकीत उभी. टॉवेल खांद्यावर.

"कोन होय वं हे?"

"भिक्खुणी आहे."

"कोन गावची?"

"चीनची असेल."

"केस आपल्या मनानं काढले थिनं?"

"हो तर," मी ठोकून दिलं. "दीक्षा घेताना काढतात ना."

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "डोस्क्याचा आकार पाह्य कसा हाये. माह्यं बी असंच असन का?" मी आरसा आणून दिला. महिनाभरात पहिल्यांदा तिनं आरसा हातात धरला. त्याच गुरुवारी ती तिसऱ्या डोसला आली, आणि त्या संध्याकाळी नाही, पण आठवड्याभरानं अंगात जोर आल्यावर, पांढरी साडी नेसून, बोडक्या डोक्यानं विहारात गेली. बायका बघतच राहिल्या. मला तर त्या फ्लेक्सवाल्याच्या पाया पडावंसं वाटलं.

आईनं त्या फोटोचा फोटो माझ्याकडून मोबाइलवर काढून घेतला. चौथ्या डोसला शेजारच्या पलंगावर देवळीकडची एक तरुण बाई होती, तिचेही केस जायला लागले होते. आईनं तिला मोबाइल दाखवला. "हे पाह्य. हिनं आपल्या मनानं काढले. आपले तं औषधानं गेले, त्यात का लाजाचं?" ती बाई डोळे पुसत हसली. सलाइन बदलायला आलेली सिस्टर, मणिपूरची पोरगी, तिनंही वाकून बघितलं. मी डबा धुवून नेहमीसारखी बाहेरच्या बाकावर बसायला निघाले तर ती माझ्या मागे आली.

"दीदी, वो नन नहीं है. बहुत बडी हिरोइन है, चाइना की. मेरी मम्मी उसकी सब पिक्चर देखती है."

मी तिला त्या हिरोइनचं नाव दोनदा विचारलं.

मी स्वभावानं चौकस. लोक भोचक म्हणतात, म्हणू द्या. वर्ध्यात एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये माझी तीस वर्षं जुन्या कागदांच्या नकला देण्यात गेली. मूळ कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कुठल्याच नकलेवर सही करत नाही. त्यामुळे सिस्टरनं सांगितलेलं नाव चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत, मोबाइल फाइलींच्या बस्त्याला टेकवून, त्या बाईच्या मागे लागले. ते नाव मला अजूनही धड उच्चारता येत नाही.

आणि काय ते आयुष्य! बाप नदीवर होडी चालवायचा. नऊ वर्षांची असताना पोरीला गावोगाव फिरणाऱ्या गाण्याच्या नाटकमंडळीत दिलं. उंच होती म्हणून मुलग्यांच्या भूमिका करायची आणि गळा असा की लोक नाटक सोडून तिचं गाणं ऐकायला यायचे. सतराव्या वर्षी ताप आला, महिनाभर अंथरुणावर, उठली तर आवाज गेलेला. घोगरा, फाटका, गाण्याच्या कामाचाच नाही. मंडळीनं तिला हाकललं नाही, पण इस्त्रीला बसवलं. दोन वर्षं ती दुसऱ्यांचे रेशमी झगे इस्त्री करत होती. हे वाचताना माझी भाकरी तशीच राहिली.

मग एका सिनेमावाल्याला मुक्या मुलीच्या भूमिकेसाठी पोरगी पाहिजे होती. ही मिळाली. तोंडातून एक शब्द नाही आणि सिनेमा देशभर गाजला. पुढे सिनेमावर सिनेमे. कुठे ती शेतातली सून, कुठे सरदाराची बायको, कुठे गिरणीतली कामगार. मी चार पूर्ण पाहिले, खालची इंग्रजी अक्षरं शोधत शोधत, अर्धं समजलं, अर्धं चेहऱ्यावरून ओळखलं. आवाज किती गोड, असं मला वाटत होतं, तर कळलं की आवाज तिचा नव्हताच! वीस वर्षं दुसरीच एक बाई तिच्या तोंडी बोलत होती. तिकडे म्हणे तशी पद्धतच होती. मला रागच आला. ज्या बाईच्या डोळ्यांवर मी इतका जीव लावला तिचा आवाज उसना निघाला. मग चाळिशीच्या आत-बाहेर तिनं हट्ट धरला, की आता बोलेन तर माझ्याच आवाजात. तो फाटका आवाज लोकांनी डोक्यावर घेतला. आणि त्याच सुमाराचा तो भिक्खुणीचा सिनेमा.

आवाज उसना असू शकतो, तर डोकं का नाही? तिनं खरंच केस काढले होते की रबराची टोपी चिकटवली होती? आई ज्या गोष्टीच्या जोरावर उठून उभी राहिली होती ती गोष्ट खरी आहे का, एवढंच मला पाहायचं होतं. हिरोइन असली तरी चालेल. केस काढलेले असले म्हणजे झालं. मी आईला सांगेन, की बघ, भिक्खुणी नाही, पण एवढ्या मोठ्या नटीनं कामासाठी डोकं भादरलं.

तो सिनेमा मी तीन दिवस पाहिला. थांबवून, मागे नेऊन, चित्र मोठं करून. कानामागे बघ, मानेवर बघ. आमचे बडेबाबू म्हणाले, "मॅडम, कोणाचा फेरफार तपासून राह्यल्या का?" मी म्हटलं, "तुम्ही जेवा." पावसात चालण्याचा एक प्रसंग होता. पाणी डोक्यावरून ओघळतं आणि मानेपाशी, एका जागी, बारीक सुरकुती पडते. कातडीची नसते तशी. मी मोबाइल पालथा ठेवला आणि त्या दिवशी नकलांच्या तीन अर्जांवर चुकीचे शिक्के मारले.

सुरकुतीवरून मी निकाल देणार नव्हते. शोधत शोधत तिची अलीकडची एक मुलाखत सापडली. त्या भिक्खुणीच्या सिनेमानंतर ती बरीच वर्षं म्हाताऱ्या बापाच्या सेवेला गावी जाऊन राहिली होती, आणि परत आली ती आयांच्या भूमिका करायला. मुलाखतीत केस आखूड, पांढरे, तिचेच. विचारणारी एक तरुण मुलगी होती. तिनं त्या सिनेमाचा विषय काढला आणि ही बोलू लागली. टोपीच होती. रोज सकाळी तीन तास चिकटवायला लागायचे. सगळ्यांना तिनं सांगितलं होतं, की पुढच्या सिनेमात लांब केस हवेत म्हणून काढत नाही. ते खोटं होतं. दोनदा ती कात्री घेऊन आरशासमोर बसली आणि दोनदा कात्री खाली ठेवली. एकदा गळा गेला होता, आता अंगातलं आणखी काही जाऊ द्यायची तिची हिंमत झाली नाही.

गुरुवारच्या पाचव्या डोसला दोन दिवस होते. सांगावं की नाही? न सांगून चाललं असतं, पण किती दिवस? ती सिस्टर कधीतरी बोलणारच. आणि देवळीची ती बाई आईला रोज फोन करायची, "आई, थ्या भिक्खुणीची गोष्ट सांगा ना." मी ठोकून दिलेलं आता दुसरीच कोणी खरं मानून बसली होती. आई फसवली गेली हे तिला माझ्याकडूनच कळायला पाहिजे होतं. मात्र ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली तर? शेवटचे दोन डोस राहिले होते.

सकाळी ती तांदूळ निवडत होती, तेव्हा मी समोर बसून सगळं सांगितलं. नटी आहे, भिक्खुणी नाही. केस काढले नव्हते, टोपी होती. मी तेव्हा न बघता बोलले, माझं चुकलं.

आईचे हात थांबले.

"म्हंजे मले उल्लू बनवलं तुनं."

"हो."

"अन् मी साऱ्या वार्डात सांगत फिरली!"

"आई, पण तू..."

"चूप बस."

ती तांदळाचं ताट तसंच टाकून आत गेली. मी मनातल्या मनात डोस गेलाच धरला. पाच मिनिटांनी बाहेर आली, चष्मा लावून.

"दाखव मले थे बोलते कशी ते."

मी मुलाखत लावली. खालची अक्षरं वाचून एकेक वाक्य तिला आमच्या बोलीत सांगत गेले. होडीवाला बाप, गेलेला गळा, इस्त्री, उसना आवाज. आई "अवं माय" म्हणत ऐकत होती. "सिनेमातली बाई अन् इस्त्री करे!" असं दोनदा म्हणाली. मग टोपीचं आलं, कात्रीचं आलं. विचारणाऱ्या मुलीनं हळूच विचारलं, की तेव्हा तुम्हाला भीती वाटली होती का? त्या मोठ्या नटीनं होकारार्थी मान हलवली आणि डोळ्यांना रुमाल लावला.

आईनं बोटानं मोबाइल बंद केला.

"थिले इचारलं तरी कोनी," ती म्हणाली. "मले कोनं इचारलं?"

ऑपरेशनची तारीख मी ठरवली, दवाखाना मी ठरवला, डोस मी मोजले, ओरडले मी, रडले मी. चीनमधल्या एका बाईच्या मानेवरची सुरकुती मी तीन दिवस मोठी करून पाहिली होती. आईला मी खाल्लंस का विचारलं होतं, गोळी घेतली का विचारलं होतं. हे एक कधीच विचारलं नव्हतं, कारण ती हो म्हणाली असती तर मला ते झेपलं नसतं.

"आई," मी म्हटलं, "तुले भेव लागते का?"

"लय," ती म्हणाली.

आणि ती रडली. किमो सुरू झाल्यापासून पहिल्यांदा, माझ्यासमोर, तोंडावर हात न ठेवता. मी तिच्या उघड्या डोक्यावर हात ठेवला. तोपर्यंत मी त्याला एकदाही हात लावला नव्हता. ते कोमट होतं. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं नाक पुसलं आणि तांदळाचं ताट पुढे ओढलं.

"गुरुवारी तू बाहेर नोको बसजो," ती म्हणाली. "माह्याजवळ बसजो."